डाव्या पायातली चप्पल

तुमच्या पायांना मुंग्या येत असतील आणि त्या रोज थोड्या वर चढत असतील, तर हे वाचणं इथंच थांबवा आणि आधी दवाखान्यात जा. परत आल्यावर निवांत वाचा. मला हे कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही.

मी भूमला राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि गेली एकोणीस वर्षं रोज सकाळी सहाला शाळेच्या व्हरांड्यात योगवर्ग घेते. पंधरा-वीस बायका आणि चार-पाच निवृत्त माणसं येतात. आमचे हे एसटीत कंडक्टर होते, आता तेही निवृत्त. त्यांना माझ्या वर्गाचं कौतुक होतं, पण चटईवर ते कधी आले नाहीत. "तीस वर्षं उभ्यानं काढली म्या. आता आडवं कसं हुयाचं ते कुनी शिकवू नगं," म्हणायचे. मुलगी रोहिणी पुण्याला नोकरी करते. एवढंच आमचं घर.

योगाची आठ अंगं आहेत. पहिली दोन वागणुकीची. दुसऱ्याशी कसं वागावं आणि स्वतःशी कसं वागावं, एवढंच त्यांत आहे. अहिंसा, सत्य तिथं येतात. आसन तिसरं, श्वास चौथा, आणि ध्यान, समाधी अगदी शेवटी. वर्गात मी पहिली दोन अंगं पाढ्यासारखी म्हणवून घ्यायचे आणि पुढं सरकायचे. खरं बोलावं, यात शिकवण्यासारखं काय आहे? माझा सगळा जीव शवासनात होता. ते माझं आवडतं. मी सांगायचे, "पायाची बोटं. ही माझी नाहीत. त्यांना सोडून द्या. घोटे. हे माझे नाहीत. सोडून द्या." पोटऱ्या, गुडघे, मांड्या, कंबर, हात, छाती, गळा, चेहरा. शेवटी श्वास. "आता श्वासालाही त्याच्या वाटेनं जाऊ द्या. जो उरला आहे तो फक्त बघणारा. त्याला काही होत नाही."

लॉकडाऊनमध्ये वर्ग बंद पडला तेव्हा हे सगळं मी फोनवर रेकॉर्ड करून ग्रुपवर पाठवलं होतं. बायका म्हणायच्या, बाई, तुमचा आवाज ऐकला की अंग नसल्यासारखं वाटतं. मला ते फार आवडायचं.

मंगळवार

त्याच्या दोन आठवडे आधी माझं पोट बिघडलं होतं. ते बरं झालं आणि मी विसरून गेले. मंगळवारी दहा वाजता शाळेच्या फाटकात शिरले तर चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, तुमची एक चप्पल कुठं हाय?"

खाली बघितलं. उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय अनवाणी, तळव्याला माती आणि अंगठ्याजवळ थोडं रक्त. घरापासून शाळा पंधरा मिनिटांची. चप्पल कधी निसटली, खडा कुठं टोचला, मला काहीही कळलं नव्हतं.

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहिताना लाज वाटते, पण लिहिते. मला आनंद झाला. ज्याची मी एकोणीस वर्षं वाट बघत होते ते आलं, असं वाटलं. देहभाव सुटतोय. बाथरूममध्ये जाऊन मी बोटांना चिमटे काढले. बोटं माझ्याकडं बघत होती आणि चिमटा जणू दुसऱ्याच कुणाला बसत होता. मी हसले.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "पाय आपटत का चालायलीस? मुंग्या यायल्यात का?"

"काही नाही."

"आन् चप्पल?"

"तुटली. टाकून दिली रस्त्यात."

"दवाखान्यात जाऊन यू की."

"साधनेत असं होतं," मी म्हणाले. "तुम्हाला नाही कळायचं."

माझ्या नाकावर राग असतो हे त्यांना माहीत आहे. ते उठून डेपोकडं चहाला गेले. मुंग्या नाहीत हे खोटं होतं आणि चप्पल तुटली हेही खोटं होतं. एका संध्याकाळी दोन.

व्हरांडा

बुधवारी गुडघ्यापर्यंत आलं. भिंतीला धरून मी घरात फिरले आणि कुणी बघायला लागलं की भिंतीला टेकून उभी असल्यासारखं दाखवलं. मनात थोडी भीती होती. पण भीती हाही मनाचा एक तरंगच, असं मी लोकांना शिकवत आलेली. स्वतःलाही तेच शिकवलं.

गुरुवारी एका बाईच्या स्कूटीवर मागं बसून वर्गाला गेले. शवासन मीही त्यांच्याबरोबर आडवी होऊन घेतलं. बोटं, घोटे, पोटऱ्या. एकेक नाव घेत वर जाताना माझ्या लक्षात आलं की मी ज्याचं नाव घेतेय ते आधीच गेलेलं आहे. मांड्या म्हटलं, मांड्या नव्हत्या. हात म्हटलं, हात जड होत निघाले. शेवटी मी म्हणाले, "उजव्या कुशीवर वळा आणि सावकाश उठून बसा." सगळे उठून बसले.

मला उठता येईना.

मी तशीच पडून राहिले. वर पत्र्याखाली चिमणीचं घरटं होतं, तिकडं बघत. आणि आमच्या वर्गानं काय केलं असेल? कुणी हाक मारली नाही. बाईंची समाधी लागली, असं कुणीतरी कुजबुजलं. चटया न वाजवता गुंडाळल्या. एकेक जण येऊन माझ्या पायांवर डोकं टेकवून गेला. एकीनं अंगणातली कण्हेरीची फुलं तोडून माझ्या पावलांवर ठेवली. मला ती दिसत होती. पिवळी फुलं, दोन पांढरी पावलं. ती पावलं माझी आहेत असं काही केल्या वाटेना.

मी तेव्हा बोलू शकत होते. तरी अर्धा तास बोलले नाही. मलाही वाटत होतं, असेल. समाधीच असेल. मग थुंकी गिळायला गेले आणि ती गळ्यात अडकली. तेव्हा मात्र मी ओरडले, "मला उठवा!" ओरडले असं मला वाटलं. आवाज फुंकर मारल्याएवढा निघाला.

चढती वाट

मला घरी न्यायला थांबलेल्या स्कूटीवाल्या बाईनं तो आवाज ऐकला आणि ह्यांनी गाडी करून बार्शीमार्गे सोलापूरला नेलं. डॉक्टर तरुण होते, हातात छोटी रबरी हातोडी. गुडघ्यावर मारली, पाय हलला नाही. पुन्हा मारली. मग कोपरावर. त्यांनी हातोडी खिशात ठेवली तेव्हा ह्यांचा चेहरा उतरला.

"कधीपासून आहे हे?"

"आज सकाळपासून," मी म्हणाले. तिसरं खोटं.

"न्हाय डॉक्टर," हे म्हणाले. "मंगळवारपासनं हाय."

डॉक्टरांनी समजावलं की पोट बिघडून गेल्यावर कधीकधी शरीराचं संरक्षण करणारी शक्तीच चुकून नसांवर उलटते. "पायापासून सुरू होतं आणि वर चढतं. कुठं थांबेल ते आज सांगता येत नाही. छातीपर्यंत आलं तर श्वासाचं मशीन लागेल. दोन दिवस आधी आला असतात तर..." पुढचं त्यांनी गिळलं. मग म्हणाले, "बहुतेक लोक बरे होतात. वेळ लागतो."

मला फक्त क्रम ऐकू आला. बोटं, घोटे, पोटऱ्या, गुडघे, मांड्या, कंबर, हात, छाती, गळा, चेहरा. माझाच क्रम. एकोणीस वर्षं रोज सकाळी मी त्या वाटेनं लोकांना घेऊन गेले होते. आता त्याच वाटेनं काहीतरी चढत येत होतं आणि त्याला एकही वळण विचारावं लागत नव्हतं. हा वेडेपणा आहे हे मला कळत होतं. तरी अंगावर काटा आला. म्हणजे जिथवर अंग होतं तिथवर आला.

दिवस मावळायच्या आत ते छातीपर्यंत पोचलं.

बघणारा

त्यानंतरचे दिवस मला नीट मोजता येत नाहीत. अतिदक्षता विभागात दिवस-रात्र सारखाच उजेड असतो. गळ्यात नळी, श्वास मशीनचा. माझ्या पापण्या मिटत नव्हत्या, म्हणून सिस्टर मलम घालून वरून चिकटपट्टी लावायच्या. बाहेरून मी झोपलेली दिसत असणार. आत मी टक्क जागी होते आणि सगळं ऐकत होते.

सुवर्णा नावाची एक सिस्टर होती. ती हात लावायच्या आधी सांगायची. "मॅडम, कूस बदलतो हं. मॅडम, ओठाला पाणी लावतो." बाकीचे मला सामानासारखं उचलायचे, तेही प्रेमानंच. पण जी आधी सांगायची तिच्यासाठी मी अजून माणूस होते. घरी कुणी आजारी असेल तर एवढं एक करा, बाकी काही नाही जमलं तरी चालेल.

रोहिणी पुण्याहून आली त्या दिवशी ती माझ्या उशाशी ह्यांच्याशी भांडली. आवाज दाबून, पण भांडलीच. "मंगळवारपासून? पप्पा, तुम्ही दोन दिवस काय बघत बसलात? तुम्हाला दिसत नव्हतं?"

ह्यांच्या बाजूनं स्टूल सरकल्याचा आवाज आला.

"बोला ना."

"चुकलंच," ते म्हणाले.

मी आत ओरडत होते. त्यांनी विचारलं होतं! मी खोटं बोलले! त्यांच्यावर ढकलू नको! जीभ हलली नाही, भुवई हलली नाही. मशीननं ठरल्या वेळी आत हवा सोडली आणि ठरल्या वेळी बाहेर घेतली. माझ्या रागानं श्वाससुद्धा वाढला नाही. माणूस इतका एकटा असू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

मग बिचाऱ्या रोहिणीनं मला बरं वाटावं म्हणून फोनवर माझंच रेकॉर्डिंग लावलं. कानाशी माझा आवाज आला, गोड, लांबवलेला. "पायाची बोटं. ही माझी नाहीत. त्यांना सोडून द्या." मी ऐकत राहिले. थांबवणार कसं? आवाज वर वर आला. छाती सोडून द्या म्हणाला. श्वासालाही त्याच्या वाटेनं जाऊ द्या म्हणाला. आणि संपल्यावर पुन्हा बोटांपासून सुरू झाला.

तो रोज येत राहिला. कधी उजव्या कानाशी, कधी पायथ्याशी उभं राहून कुणी बोलावं तसा.

आणि तिथंच मला तो भेटला, ज्याच्याबद्दल मी इतकी वर्षं शिकवत होते. बघणारा. एका दुपारी कूस बदलताना नळी निसटली, मशीन किंचाळायला लागलं, सिस्टर धावल्या. माझा जीव घुसमटत होता आणि त्याच वेळी आत कुणीतरी अगदी शांतपणे ते बघत होतं. त्याला घाई नव्हती, दुःखही नव्हतं. शास्त्रात सांगितलंय तसा तो खरोखर होता. पण मी जगले काय अन् मेले काय, त्याला सारखंच होतं. त्याच्या त्या शांतपणाची मला जेवढी भीती वाटली तेवढी मरणाचीही वाटली नाही.

माझ्याच घरात कुणी अनोळखी माणूस वर्षानुवर्षं बसून असावा आणि आज त्यानं मान वर करून माझ्याकडं बघावं, तसं झालं. आणि बाहेरून माझाच आवाज सांगत होता, सोडून दे.

शास्त्रात जगण्याला चिकटून राहण्याला अभिनिवेश म्हणतात. तो एक क्लेश आहे, शहाण्यालाही सुटत नाही, असं मी फळ्यावर लिहून शिकवलेलं. मी सांगते, मी चिकटले. देवाला नाही, श्वासाला नाही, एका वाक्याला चिकटले. 'त्यांनी विचारलं होतं.' तेवढं रोहिणीला सांगायचं होतं. ते न सांगता मी गेले असते तर बापलेकीत ते दोन दिवस जन्मभर राहिले असते. आवाज म्हणायचा सोडा, आणि मी ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणायचे.

एक घंटी

गळ्याला छिद्र पाडून नळी बसवायची ठरली. रोहिणी म्हणाली, "आता तरी उशीर करू नका." ह्यांनी सही केली. कागदावर पेन घासल्याचा आवाजही मला आला. शेजारणीनं सोनारीच्या भैरोबाचा अंगारा पाठवला होता, तो सुवर्णा सिस्टरनं माझ्या उशीखाली सरकवला. "मॅडम, ठेवतो हं," म्हणाली.

पुढं एके दिवशी माझी उजवी भुवई हलली. सिस्टरनं ह्यांना आणि रोहिणीला आत बोलावलं. पट्ट्या काढल्या होत्या, पण दिसत सगळं धुकट होतं. ते पलंगाच्या दांडीला धरून उभे राहिले, बसमध्ये उभे राहायचे तसे पाय फाकवून.

"ऐकू यायलंय नव्हं? मग घंटीचा हिशेब ध्यानात ठिव. एकदा भुवई म्हंजी थांबा. दोनदा म्हंजी चला."

दोनदा.

त्यांचा आवाज फाटला. मग विचारायला लागले. पाणी? एकदा. दुखतंय? एकदा. कूस? एकदा. रोहिणी पुढं वाकली, "मग काय हवंय आई?" भुवईमागोमाग ओठही जरासे हलायला लागले होते, ते मी हलवले. तिनं तीन-चारदा बघितलं आणि मग मोठ्यानं म्हणाली, "आवाज? आवाज बंद करू?"

दोनदा.

"कुठला आवाज? मशीनचा?"

एकदा. माझ्या ओठांवरून तिनं 'रेकॉर्डिंग' वाचलं आणि वडिलांकडं बघितलं.

"आई, ते तर आम्ही तिसऱ्याच दिवशी बंद केलं. आत फोन आणू देत नाहीत. तुला इथं येऊन एकोणीस दिवस झाले."

मी ऐकतच होते. तेव्हाही. पायथ्याशी माझा आवाज पोटऱ्या म्हणून झाला होता, गुडघे म्हणाला, आणि त्या शब्दावर थांबला. 'सोडून द्या' आलंच नाही. मी बराच वेळ वाट बघितली.

डॉक्टर म्हणतात, अतिदक्षता विभागात असं होतं, औषधं आणि झोपमोड यांनी भास होतात. असेल. मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

पाया

आता मी खुर्चीत बसून वर्ग घेते. हा आजार उतरताना वरून खाली उतरतो. आधी चेहरा, मग गळा, हात, आणि पावलं सगळ्यांत शेवटी. त्याच वाटेनं माझं शरीर मला परत मिळालं आणि मी एकेक भाग पाहुण्यासारखा घरात घेतला. फिजिओथेरपीत रडले, ह्यांच्यावर खेकसले, एकदा ताट भिरकावलं. आजारानं मी साध्वी झाले असं कुणी समजू नये.

साधना कशासाठी, असं वर्गात विचारतात. पूर्वी मी उत्तर पाठ म्हणायचे. आता म्हणते, जे आहे ते आहे तसं दिसावं म्हणून. अंग नाहीसं व्हावं म्हणून नाही. सत्य आधी ठेवलंय आणि ध्यान शेवटी, त्याचं कारण मी अंगावर शिकले. ज्याला बायको-नवऱ्यात खरं बोलता येत नाही त्याला आत डोळे मिटून जे दिसेल ते खरं असेल याचा काय भरवसा? मला पायाचा आजार समाधी दिसला. तो बघणारा आहे, हे मी आजही शिकवते. पण त्याच्या भेटीला जाताना घरच्यांना खरं सांगून जावं.

शवासन घेते, पण 'सोडून द्या' म्हणत नाही. जीभ वळत नाही. आधी सगळ्यांच्या पायाच्या बोटाला स्वतः चिमटा काढते आणि विचारते, कळलं का? सगळे हसतात. हसू देत. ज्याला कळलं नाही त्याला त्याच दिवशी दवाखान्यात पाठवणार आहे.

वाक्य

ते वाक्य बोलायला मला सव्वा महिना लागला. साध्या वॉर्डात हलवलं होतं. सुवर्णा सिस्टर सुट्टीच्या दिवशी वाट वाकडी करून भेटायला आली होती. तिनं माझ्या गळ्याच्या नळीवर बोट ठेवून दाखवलं, "असं दाबून बोला मॅडम." खिडकीत ऊन होतं. रोहिणी मोसंबी सोलत होती आणि हे पलंगाखालची कापडी पिशवी आवरत होते. बापलेक एकमेकांशी कामापुरतंच बोलत होते.

मी बोट दाबलं. खरखरीत, दुसऱ्याच बाईचा आवाज निघाला.

"त्यांनी विचारलं होतं."

रोहिणीच्या हातातली फोड तशीच राहिली.

"मंगळवारीच विचारलं होतं. दवाखान्यात चल म्हणाले. मी खोटं बोलले. मुंग्या होत्या. चप्पलपण तुटली नव्हती."

"कसली चप्पल?" ती म्हणाली.

कापडी पिशवीत हात घालून ह्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या पांघरुणावर ठेवलं. कागद उघडला. माझी डाव्या पायातली चप्पल. पट्टा शाबूत, अंगठा शाबूत.

"त्याच दिशी सापडली हुती," ते म्हणाले. "डेपोच्या कडंला. चहाला गेलतो तवा."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" रोहिणी उभी राहिली. "आई खोटं बोलली ते? आणि मी एवढं बोलले तरी तुम्ही..."

"मला कळलं हुतं तरी मी तिला उचलून न्हेलं न्हाय. तिच्या रागाला भ्यालो. म्हंजी तुजं बी खरंच हुतं की."

"पण सांगायचं ना मला!"

ते चप्पल पुसत राहिले, धोतर नसताना धोतराचा सोगा शोधावा तसा शर्टाचा कोपरा धरून.

"गाडीत लोकांचं कायबाय राहतंय," ते म्हणाले. "आमी डेपोत ठिवतो. कुनाला देऊन टाकत न्हाय. ज्याचं हाय ते मानूस परत येतंयच, तीस वर्सं बघितलंय म्या. हे तिचं हुतं. तिनं सांगायचं हुतं. मी सांगून टाकलं असतं, तर ती कशाला परत आली असती?"

रोहिणी त्यांच्याजवळ गेली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मीही रडले. नळीतून रडण्याचा आवाज फार विचित्र येतो.

मग त्यांनी माझा डावा पाय पांघरुणातून बाहेर काढला, चप्पल घातली आणि पायाचा अंगठा दाबला.

"कळायलंय का?"

मला जोरात 'हो' म्हणावंसं वाटलं. ते इतके आशेनं बघत होते.

मी नळीवर बोट दाबलं.

"नाही," मी म्हणाले.